साहित्याची पदवी आणि जमिनीचे मोल

बारावीचा निकाल लागला की व्यापारी घरांत पुढचा रस्ता बहुधा आधीच आखलेला असतो. वाणिज्य शाखा, त्यानंतर सनदी लेखापालाची परीक्षा किंवा व्यवस्थापनाची पदवी आणि अखेरीस पेढीची गादी. अशा घरातील एखाद्या मुलीने वा मुलाने मराठी, इंग्रजी किंवा संस्कृत साहित्य शिकण्याचे ठरविले, तर अलीकडे उघड विरोध फारसा होत नाही. पण ‘पुढे काय?’ हा प्रश्न मात्र जेवणाच्या पानावरही पाठ सोडत नाही. हा प्रश्न रास्त आहे. ज्यांनी पैसा कष्टाने जोडला, त्यांनी अपत्याच्या चरितार्थाची चिंता करू नये असे कोण म्हणेल? या प्रश्नाला अध्यापन आणि पत्रकारिता ही दोन उत्तरे सर्वांना ठाऊक आहेत. एका तिसऱ्या उत्तराचा विचार फारसा होत नाही. ते उत्तर म्हणजे कायद्याचे शिक्षण, आणि त्यातही मालमत्तेच्या मूल्यांकनाशी निगडित वकिली.

व्यापारी कुटुंबांना हे क्षेत्र परके नाही. दुकान, गोदाम, वडिलोपार्जित वाडा, गावाकडची शेतजमीन आणि औद्योगिक वसाहतीतील भूखंड यांत कुटुंबाची मोठी पुंजी गुंतलेली असते. त्या पुंजीचे मोल किती, हा प्रश्न वाटणीच्या वेळी, कर्जाच्या वेळी, विक्रीच्या वेळी आणि सरकार जमीन संपादन करते तेव्हा हमखास उभा राहतो. आकडा मूल्यांकक देतो. पण तो आकडा कोणत्या नियमाने, कोणत्या तारखेचा आणि कोणत्या शब्दाच्या अर्थावर काढायचा, याचा वाद वकील लढवतो. शब्दांचा अर्थ लावणे हेच ज्याचे शिक्षण, त्याला या वादात उपजत स्थान आहे.

साहित्याकडून कायद्याकडे आणि कायद्यातून मूल्याच्या प्रश्नांकडे जाणाऱ्या वाटेचे ठळक उदाहरण मुंबईचेच आहे. नानी पालखीवाला यांचा जन्म १९२० सालचा. सेंट झेवियर्स महाविद्यालयातून त्यांनी इंग्रजी साहित्यात एम.ए. केले आणि मुंबई विद्यापीठात व्याख्याता होण्यासाठी अर्ज केला. ती जागा त्यांना मिळाली नाही. तेव्हा ते शासकीय विधी महाविद्यालयात दाखल झाले. पुढे त्यांनी वकिली सुरू केली आणि सर जमशेटजी कांगा यांच्या हाताखाली काम केले. १९५० मध्ये, म्हणजे वयाच्या तिशीत, कांगांसह लिहिलेला त्यांचा आयकर कायद्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. साहित्याच्या पदवीधराने आयकरावर ग्रंथ लिहावा, याचे नवल वाटणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : करकायदा आकड्यांचा भासला, तरी तो अखेर वाक्यांत लिहिलेला असतो.

त्यांच्या कारकिर्दीतील बँक राष्ट्रीयीकरणाचा खटला तर मूल्यांकनाचाच धडा आहे. जुलै १९६९ मध्ये केंद्र सरकारने चौदा मोठ्या खासगी बँका ताब्यात घेतल्या. आर. सी. कूपर या भागधारकाने त्याला आव्हान दिले आणि पालखीवालांनी त्यांची बाजू मांडली. सरकारला असा अधिकार आहे काय, यासोबतच ‘भरपाई’ या शब्दात काय काय येते, हा प्रश्न तेथे कळीचा ठरला. चालू व्यवसायाची पत, म्हणजे ज्याला बाजारात ‘गुडविल’ म्हणतात ती, आणि दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यांच्या उरलेल्या काळाचे मूल्य कायद्यातील हिशेबात धरलेच नव्हते. १० फेब्रुवारी १९७० रोजी अकरा न्यायाधीशांच्या पीठाने दहा विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा रद्द ठरविला. त्यानंतर सरकारने नवा कायदा आणला आणि प्रत्येक बँकेसाठी रक्कमच ठरवून दिली. पेढीचे नाव, तिची पत आणि मोक्याच्या जागेचा जुना भाडेपट्टा यांना मोल असते, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. न्यायालयात मात्र ते शब्दाशब्दाने सिद्ध करावे लागले.

पालखीवालांसारखी प्रतिभा सर्वांना लाभत नाही, आणि त्यांचे उदाहरण द्यायचे ते त्यासाठी नव्हेच. साहित्याचा अभ्यास या कामात नेमका कोठे उपयोगी पडतो, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. कायद्यातील बाजारमूल्याची कल्पना साधारण अशी आहे : विकण्यास राजी असलेला पण नडलेला नाही असा विक्रेता, आणि घेण्यास राजी असलेला पण अडलेला नाही असा खरेदीदार, हे दोघे सर्व माहिती घेऊन समोरासमोर बसले, तर ज्या किमतीला सौदा जुळेल ती किंमत. असा सौदा प्रत्यक्षात झालेला नसतो. तो मनाने उभा करावा लागतो. पण पुराव्याला सोडून त्यात एक पाऊलही टाकता येत नाही. कथेतील पात्राने अमुक प्रसंगी असेच का वागावे, हे संहितेतील आधार देऊन सांगण्याचा सराव साहित्याच्या विद्यार्थ्याने तीन किंवा पाच वर्षे केलेला असतो. त्याच सरावाचे येथे दुसरे रूप दिसते.

१९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाली काढलेला विशाखापट्टणमचा खटला या दृष्टीने आजही वाचण्याजोगा आहे. तेथील बंदराच्या परिसरातील मलेरियाला आळा घालण्यासाठी एका जमीनदाराची जमीन संपादन करण्यात आली. त्या जमिनीत पिण्यायोग्य पाण्याचा झरा होता. त्या पाण्याला गिऱ्हाईक कोण? तर मुख्यतः बंदराचे अधिकारीच, आणि जमीनही तेच घेत होते. मग झऱ्याच्या उपयुक्ततेचा पैसा मालकाला द्यायचा की नाही? प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की, जमिनीची सुप्त उपयुक्तता हा तिच्या मूल्याचा भाग आहे. संभाव्य खरेदीदार एकटा संपादन करणारा असला, तरी राजीखुशीच्या सौद्यात त्याने जे दिले असते ते मोजलेच पाहिजे.

आता याच्या शेजारी मुंबईचा एक अलीकडचा वाद ठेवावा. मुंबई महानगरपालिकेने १ एप्रिल २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आकारण्यास आरंभ केला. त्यासाठीच्या नियमांत, जमिनीवर पुढे किती बांधकाम होऊ शकेल हे लक्षात घेऊन मूल्य धरण्याची तरतूद होती. मालमत्ताधारकांच्या आव्हानानंतर उच्च न्यायालयाने त्यांतील २०, २१ आणि २२ क्रमांकाचे नियम रद्द केले, आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. कर आकारताना जमीन आज जशी आहे तशीच पाहावी लागेल. उद्याच्या शक्यतेवर आज कर बसविता येणार नाही, असा त्याचा आशय.

वरवर पाहता दोन्ही निर्णय एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. एका ठिकाणी भविष्यातील उपयोग मोजला, दुसऱ्या ठिकाणी तो वगळला. वस्तुतः विरोध नाही. संपादनात मालक आपली जमीन तिच्या सर्व शक्यतांसह कायमची गमावतो. करात तो ती जवळ ठेवून दरवर्षी देणे देतो. शिवाय दोन्हीकडे कायद्याची शब्दरचना वेगळी आहे. संदर्भ बदलला की त्याच शब्दाचा अर्थ बदलतो, हे कवितेच्या वर्गात शिकलेले सत्य येथे लाखो-कोटींच्या रकमा हलविते.

संदर्भात तारीखही येते. पश्चिम बंगालच्या १९४८ च्या एका कायद्याने, जमीन केव्हाही संपादन केली तरी मोबदला ३१ डिसेंबर १९४६ च्या बाजारभावापेक्षा अधिक मिळणार नाही, असे ठरविले होते. बेला बॅनर्जी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा घटनाबाह्य ठरविली. आजही भांडवली नफ्याचा हिशेब करताना जुन्या मालमत्तेसाठी १ एप्रिल २००१ चे रास्त बाजारमूल्य धरता येते. मात्र जमीन वा इमारतीच्या बाबतीत त्या दिवसाचे मुद्रांक मूल्य उपलब्ध असल्यास त्यापुढे जाता येत नाही. एकाच वाड्याचे वाटणीच्या दिवशीचे, २००१ चे आणि बँकेच्या लिलावातील मूल्य वेगवेगळे असू शकते आणि तिन्ही प्रामाणिक असू शकतात.

पुण्याच्या भूसंपादनातून उद्भवलेल्या चिमणलाल हरगोविंददास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये मूल्यांकनाची जी सूत्रे सांगितली, ती या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने प्रथम वाचावीत. शेजारच्या जमिनीच्या खऱ्याखुऱ्या विक्रीशी तुलना करावी; मग संपादित जमिनीच्या जमेच्या आणि उण्या बाजू मांडाव्यात, असे तेथे सांगितले आहे. लहान क्षेत्र, रस्त्याचे सान्निध्य, रस्त्यालगतची रुंद दर्शनी बाजू, नियमित आकार या जमेच्या बाजू. मोठे क्षेत्र, आतली जागा, अरुंद पट्टी, भराव घालावा लागेल असा खोलगटपणा या उण्या बाजू. लहान भूखंडाच्या भावावरून मोठ्या जमिनीचा भाव काढताना रस्ते आणि मोकळ्या जागांसाठी सुमारे वीस ते पन्नास टक्के वजावट करावी लागते, हेही त्यात नमूद आहे. वीस की पन्नास? या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची कमाई असू शकते, आणि ते अंतर युक्तिवादाने भरले जाते.

या क्षेत्रातील कामाची विविधता मोठी आहे. भूसंपादनाचा २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात मुद्रांकासाठीचे मूल्य, परिसरातील आधीच्या तीन वर्षांतील वरच्या निम्म्या विक्री-किमतींची सरासरी इत्यादींपैकी जे अधिक ते मूळ मूल्य धरले जाते. ग्रामीण भागात त्याला एक ते दोन या मर्यादेतील गुणक लागतो आणि वर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. निवाडा मान्य नसेल तर संदर्भ अर्जाची मुदत असते. निवाड्याच्या वेळी जो हजर होता, त्याच्यासाठी ती अवघी सहा आठवड्यांची आहे. पैसे उचलताना हरकत नोंदविली नाही, अर्ज वेळेत दिला नाही, अशा कारणांनी हक्काचा मोबदला हातचा जातो.

मुद्रांक आणि आयकर ही दुसरी शाखा. सर्वसामान्य माणूस ज्याला ‘रेडी रेकनर’ म्हणतो, ते वार्षिक मूल्यदर तक्ते म्हणजे प्रत्यक्ष बाजारभाव नव्हे. परंतु त्यांवरून येणारे मूल्य विक्रीच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक जास्त असेल, तर आयकरासाठी मुद्रांक मूल्यच विक्रीची किंमत समजले जाते. जागेत जुना भाडेकरू असेल, वाट नसेल किंवा वाद प्रलंबित असेल, तर विक्रेत्याला मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठविण्याची मागणी करता येते. ती मागणी कशी लिहिली जाते, यावर पुष्कळ अवलंबून असते.

बँका आणि दिवाळखोरी ही तिसरी शाखा. थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता विकण्यापूर्वी बँकेला मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून मूल्य काढून राखीव किंमत ठरवावी लागते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत दोन नोंदणीकृत मूल्यांकक नेमले जातात. कर्जदार, बँक आणि लिलावातील खरेदीदार, तिघांनाही वकील लागतो.

चौथी शाखा घरातलीच आहे. भावाभावांत दुकानाची वाटणी व्हायची असेल आणि त्याचे तुकडे पाडणे शक्य नसेल, तर १८९३ चा विभाजन कायदा उपयोगी पडतो. निम्मा किंवा अधिक हिस्सा असणाऱ्यांनी विक्रीची मागणी केल्यास इतर हिस्सेदारांना न्यायालयाने ठरविलेल्या मूल्याने तो हिस्सा विकत घेण्याची मुभा आहे. राहत्या घराचा हिस्सा परक्याला विकला गेला, तर कुटुंबातील व्यक्तीला तो मूल्य देऊन परत घेता येतो. हिंदू उत्तराधिकार कायदा जैन कुटुंबांनाही लागू असल्याने २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीचा हिस्साही मुलाइतकाच आहे. ‘बहिणीला काहीतरी देऊ’ ही भाषा तेथे पुरत नाही. रीतसर मूल्य काढावे लागते. योग्य वेळी काढलेल्या निःपक्ष मूल्याने कित्येक कुटुंबे कोर्टाच्या पायरीपासून आणि अबोल्यापासून वाचू शकतात.

पाचवी शाखा विश्वस्त संस्थांची. मंदिर, धर्मशाळा, वसतिगृह, पांजरपोळ यांच्या जागांचे व्यवहार महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली येतात. अशी स्थावर मालमत्ता विकण्यासाठी, किंवा बिगरशेती जागा व इमारत तीन वर्षांहून अधिक आणि शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देण्यासाठी, धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. पूर्वजांनी दानात दिलेली जागा मातीमोल भावाने जाऊ नये, यासाठी मूल्यांकनाचा अहवाल समजून वाचणारा विश्वस्त किंवा सल्लागार संस्थेपाशी असणे फार मोलाचे असते.

या वाटेवर जाऊ इच्छिणाऱ्याने काही गोष्टी स्पष्ट समजून घ्याव्यात. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर सामायिक प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम करता येतो. त्यानंतर वकील परिषदेची सनद आणि अखिल भारतीय वकील परीक्षा. पुढील काही वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काढावी लागतात आणि त्या काळात उत्पन्न तुटपुंजे असते. घरच्यांनी हा काळ दुकान बसण्याच्या काळासारखाच समजावा. साहित्याच्या पदवीधराला स्वतः जमीन व इमारतीचा नोंदणीकृत मूल्यांकक मात्र होता येत नाही. त्यासाठी स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, नगररचना अशा विषयांचे शिक्षण, अनुभव आणि स्वतंत्र परीक्षा लागते. त्याचे स्थान अहवाल लिहिणाऱ्याचे नसून तो तपासणाऱ्याचे आणि उलटतपासणी घेणाऱ्याचे आहे.

त्यासाठी अंकांची भीती सोडावी लागते. एखाद्या दुकानाचे खर्च वजा जाता वार्षिक भाडे ६ लाख रुपये असेल आणि परताव्याचा दर ८ टक्के धरला, तर मूल्य ७५ लाख येते. दर ६ टक्के धरला, तर तेच मूल्य १ कोटी होते. गणित शालेय आहे. आठ का आणि सहा का नाही, हे अहवालातील कोणत्या वाक्यावर उभे आहे, ते शोधणे हे खरे काम. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याने मोडी लिपी शिकून घेतली, तर जुनी खरेदीखते आणि इनामाचे कागद वाचणारे दुर्मिळ कौशल्य त्याच्या हाती येते.

व्यापारी कुटुंबांनी आणखी एक नियम आधीच जाणून घ्यावा. सनद घेतलेल्या वकिलाला स्वतः व्यापार करता येत नाही. वारशाने आलेल्या कौटुंबिक व्यवसायातील हिस्सा तो राखू शकतो, पण त्याच्या कारभारात प्रत्यक्ष भाग घेऊ शकत नाही. म्हणजे सकाळी कोर्ट आणि संध्याकाळी गादी, असा बेत चालणार नाही. तसेच वाढवून मिळालेल्या मोबदल्यात टक्केवारी ठरवून फी घेणेही त्याच्या आचारसंहितेला मंजूर नाही.

या व्यवसायातील मोठी कसोटी मात्र कागदावरच्या नियमांची नसते. कर्ज हवे असते तेव्हा मूल्य वाढवून हवे असते, मुद्रांक भरताना ते घटवून हवे असते, आणि वाटणीच्या वेळी आपल्या वाट्याचे कमी व भावाच्या वाट्याचे अधिक दिसावे असे प्रत्येकाला वाटते. तारीख आणि प्रयोजन बदलल्यामुळे बदललेले मूल्य न्याय्य असते. केवळ मागणाऱ्याच्या सोयीने बदललेले मूल्य म्हणजे खोटे माप. दुकानातील तराजूबाबत जी शिस्त वडीलधारी मंडळी पाळत आली, तीच येथे लागू आहे. अशीलाला ‘हा आकडा टिकणार नाही’ असे तोंडावर सांगणारा वकील सुरुवातीला काही कामे गमावतो. परंतु दोन्ही पक्ष ज्याचा शब्द मानतात असा मध्यस्थ होण्याचा मान पुढे त्यालाच मिळतो.

साहित्य शिकलेल्या मुलाचा किंवा मुलीचा कल या कामाकडे आहे काय, हे पाहण्याचा एक सोपा उपाय आहे. घरातील जुने खरेदीखत, सातबारा उतारा, फेरफार नोंदी आणि मिळकत पत्रिका त्यांच्या हाती द्याव्यात. चतुःसीमा जुळतात काय, क्षेत्र सर्वत्र एकच आहे काय, कोणाचे नाव कोठे गळले आहे काय, हे पाहून एक पानाचे टिपण लिहिण्यास सांगावे. ते पान स्वच्छ उतरले आणि लिहिताना त्यांना रस वाटला, तर विधी महाविद्यालयाचा अर्ज आणण्यास हरकत नाही. आणि कल दिसला नाही, तरी घराचे कागद एकदा नीट लावून झालेले असतील.